डोळ्यांचे कोपरे

आमच्या घराला अकरा खिडक्या आहेत. त्यांपैकी आठ खिडक्यांतून कळमना दिसतो: बाजार समितीच्या यार्डाकडे तोंड करून रांगेत उभे असलेले ट्रक, संत्र्यांचे क्रेट, मिरचीच्या हंगामात नाकाला झोंबणारी हवा आणि रात्री हावड्याच्या बाजूला निघालेल्या आगगाड्यांचे दिवे. उरलेल्या तीन खिडक्यांतून मात्र इंग्लंड दिसते. या तीन खिडक्या आम्ही गेल्या उन्हाळ्यात बर्डीवरून विकत आणल्या. जाताना प्रजापती नगरहून ऐटीत मेट्रोने गेलो. येताना तीन भलीमोठी खोकी घेऊन ऑटोत अंग चोरून बसलो. त्यांच्यापायी मराठीच्या एका प्राध्यापकाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्रिकोणमितीशी सोयरीक करावी लागली, त्याची ही हकीकत.

'मॉनिटर' म्हटले की गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा वर्गातला चोंबडा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे येतो, आणि 'कार्ड' म्हटले की रेशनकार्ड. तेव्हा संगणकावरच्या खेळासाठी तीन मॉनिटर आणि एक ग्राफिक्स कार्ड निवडणे हा काही माझा प्रांत नव्हे. खेळासाठी तीन-तीन पडदे, हे ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तशा चार-पाच आठ्या मी आमच्या स्टाफरूममध्येही पाहिल्या आहेत. परंतु पैसे मी देणार होतो, आणि ज्या वस्तूला पैसे द्यायचे ती काय आहे हे नीट समजल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही, ही शिस्त मला दादाने लहानपणीच लावलेली आहे. खेळ दादासाठीच होता.

दादा माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे माझे कॉलेज, माझे एम.ए., माझी पुस्तके, सगळे दादाच्या ट्रकने ओढले. पस्तीस वर्षे त्याने कळमन्यातून संत्री वाहिली. दिल्ली, कोलकाता, कधी थेट बांगलादेशच्या सीमेपर्यंत. संत्रे हा नाशिवंत माल. तो वाटेत थांबत नाही, म्हणून ड्रायव्हरलाही थांबता येत नाही. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहार यार्डात येऊ लागला की दादा घरातून नाहीसा व्हायचा. आमच्या लहानपणीच्या कितीतरी दिवाळ्यांत भाऊबीज त्याच्यावाचून झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. हात परत आला, वाचा शाबूत राहिली, डावा पाय थोडा ओढतो. गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. ट्रक विकला. नवा मालक तो घेऊन गेला तेव्हा दादा ओट्यावर बसला होता. ट्रक वळणापलीकडे गेल्यावर तो एवढेच म्हणाला, "इंडिकेटर नाही देल्ला त्यानं." त्यानंतर दोन-तीन महिने तो फारसे बोललाच नाही. सकाळी ओट्यावर बसायचा, यार्डाकडे जाणारे ट्रक पाहायचा, दुपारी आत येऊन जेवायचा आणि पुन्हा ओट्यावर.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याजवळ संगणक होता, टेबलाला आवळून बसवायचे एक स्टिअरिंग होते, पायाखाली तीन पेडले होती. आणि 'युरो ट्रक सिम्युलेटर २' नावाचा खेळ होता. चेक देशातल्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो २०१२ साली काढला. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. माल भरायचा, नियम पाळत रस्ता कापायचा, माल पोहोचवायचा, भाडे घ्यायचे. एवढ्यासाठी जगभरची माणसे आपली झोप मोडतात! दादा पस्तीस वर्षे हेच करीत होता. त्याला कोणी खेळाडू म्हटले नाही.

एका रविवारी पोराने बापाला खुर्चीवर बसवले. इंग्लंडचा रस्ता निवडला, कारण तिथे आपल्यासारखे डावीकडून चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. दादाने गाडी काढली, गिअर बदलले, पहिल्या चौकाशी आला, थांबला, आणि त्याने मान डावीकडे वळवली.

डावीकडे भिंत होती. भिंतीवर कालनिर्णय.

"खिडकी कुठं गेली बे?"

"बटन दाबलं की दिसते बाबा."

"गाडी चालवताना कोणी बटन दाबून पाहते का? हे तर टांग्याच्या घोड्याले झापडं बांधल्यासारखं झालं."

तो उठला. पण ओट्यावर गेला नाही. तिथेच उभा राहून पडद्याकडे पाहत राहिला. पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "काका, तीन पडदे पाहिजेत."

दादाने ज्याला झापडे म्हटले, त्याचा विचार एका अमेरिकन माणसाने फार पूर्वी केला होता. फ्रेड वॉलर त्याचे नाव. आपण जगात 'आत' आहोत असे आपल्याला वाटते ते समोर जे दिसते त्यामुळे नव्हे, तर डोळ्यांच्या कोपऱ्यांत जे हलत असते त्यामुळे, असे त्याच्या लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या तोफचींना शिकवण्यासाठी त्याने पाच प्रोजेक्टरांचे एक यंत्र केले: गोलाकार पडद्यावर शत्रूची विमाने चहूकडून येत आणि शिकाऊ सैनिक खोट्या बंदुकीने त्यांच्यावर नेम धरीत. आजच्या या खेळांचे आजोबाच म्हणायचे. पुढे ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्कला त्याचा 'सिनेरामा' सुरू झाला. तीन प्रोजेक्टर, वाकवलेला विशाल पडदा, १४६ अंशांचा देखावा. आरंभीच जत्रेतल्या घसरगाडीचे दृश्य होते, आणि प्रेक्षक बसल्या जागी खुर्चीचे हात घट्ट धरीत.

आपल्याकडेही एकाहून अधिक कंदिलांचा खेळ झालेला आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे जादूच्या कंदिलांतून पडद्यावर टाकून ते ती चित्रे चालती-बोलती करीत. काय झोकदार नाव! नाहीतर आमची आजची परिभाषा. ग्राफिक्स कार्डाला मी मराठी शब्द शोधू लागलो तर पुतण्याने हात जोडले.

माणसाच्या डोळ्याला बारीक अक्षर वाचण्याइतके स्पष्ट दिसते ते मधल्या जेमतेम दोन अंशांत. बाकीचे सगळे अंधुक. पण त्या अंधुक भागाला हालचाल फार चटकन कळते. आपण किती वेगाने जात आहोत, बाजूने कोण आले, गाडी रस्त्याच्या कडेला किती सरकली, हे दादासारखा माणूस बघत नाही. त्याला ते कळते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपुराहून निघतो. त्याच्यावर अपघात होऊ लागले तेव्हा रस्ता पाहता पाहता गुंगी येण्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचायला मिळाले. दादा म्हणाला होता, "बाजूले काही हलतच नाही, तर माणूस जागा कसा राहीन?"

तेव्हा बाजूचे दोन पडदे बघण्यासाठी नसतात. त्यांच्याकडे बघावे लागू नये म्हणून ते असतात. हे एकदा डोक्यात बसल्यावर दुकानदाराशी बोलणे मला सोपे गेले.

पण दुकानाच्या आधी वहिनी. लाखाच्या घरात खर्च जाणार हे ऐकून त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, पैशाचे बोलतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पैसे तुमचे आहेत, मी काही म्हणत नाही. पण ह्यांले गाडी विसरू द्या ना. खपली धरून राहिली, तुम्ही काहून काढता?"

मला उत्तर सुचले नाही. दिवसभर शब्दांवर पोट भरणारा मी, त्यांच्यापुढे उभा राहून टेबलावरची मीठदाणी इकडची तिकडे करीत राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, एका वेळी अर्धा तास बसू द्या, गरगरले तर लगेच बंद करा. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळही नव्हते, आणि तो प्रश्न मी त्यांना विचारलाही नाही.

दुकानदार चांगला माणूस होता. म्हणजे त्याला विकायचे होते आणि ते तो लपवीत नव्हता. त्याने प्रथम ४९ इंचांचा एकच लांबच लांब वाकडा पडदा दाखवला. मध्ये सांधा नाही, तारांचा गुंता नाही. दिसायला राजेशाही. पण पुतण्याने खिशातून टेप काढली. तो पडदा म्हणजे २७ इंची दोन पडदे शेजारी ठेवल्याएवढा, सुमारे १२० सेंटिमीटर. दादाची डावी खिडकी त्यात मावत नव्हती. डोळ्यांवर बांधायचा तो चष्माही दाखवला. दादाने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "डोळे बांधून कुठी नेऊन राहिले मले?" आधीच त्याला एक चष्मा आहे.

मग घरातला २४ इंची पडदा मध्ये ठेवून बाजूला दोन नवे घ्यावेत, अशी काटकसर मी सुचवून पाहिली. ते जमत नाही. उंची वेगळी म्हणजे क्षितिज मोडते. मधल्या पडद्यावरचा रस्ता बाजूच्या पडद्यावर एक पायरी चढतो. रंगही जुळत नाहीत. इथे संध्याकाळ आणि शेजारी दुपार. तिन्ही भावंडे एकाच साच्यातली हवीत, एकाच कंपनीची आणि शक्य तर एकाच दिवशी घेतलेली. जुना पडदा माझ्या वाट्याला आला. त्याच्यावर मी आता विद्यार्थ्यांचे निबंध वाचतो.

२७ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. तो दोन तऱ्हांचा मिळतो: आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०, किंवा आडवे २५६० आणि उभे १४४०. पहिल्यात इंचामागे ८२ ठिपके पडतात, दुसऱ्यात १०९. दादाच्या डोळ्यांपासून पडदा हातभर अंतरावर राहणार. पहिल्या जातीवर रस्त्याच्या पाट्यांची अक्षरे त्याला कुरतडल्यासारखी दिसली. म्हणून दुसरी. सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्याचे आकडे खोक्यांवर ठळक छापलेले असतात, १४४, १६५, १८०. शर्यतीच्या मोटारी पळवणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. दहा टन संत्री नेणाऱ्याला स्थिर ६० पुष्कळ. आकडा मोठा असण्यापेक्षा तो न डगमगणे महत्त्वाचे, हे दुकानदारानेही मान्य केले. पण जरा नाखुशीने. पडद्याच्या काचेमागच्या जातीही दोन-तीन. 'व्हीए' जातीत रात्रीचा काळोख खरा काळा दिसतो, पण अनेकदा काळोखात हलणाऱ्या वस्तूमागे धूसर शेपूट राहते. 'आयपीएस'मध्ये काळा थोडा राखाडी, पण बाजूला बसलेल्या माणसालाही रंग खरे दिसतात. आम्ही आयपीएस घेतली.

कार्डाचा हिशेब मात्र खरा गणिताचा. ठिपका म्हणजे ठिपका. तो कार्डाला दर वेळी नव्याने रंगवावा लागतो. एका पडद्यावर ३६,८६,४००. तीन पडद्यांवर १,१०,५९,२००. हे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६६ कोटी ठिपके. आणि त्यांत दादाच्या ट्रकचे आरसेही आले. प्रत्येक आरशात मागचा रस्ता वेगळा काढावा लागतो. १९२०च्या तीन पडद्यांना ६२,२०,८०० ठिपके लागले असते, म्हणजे एका फोर-के पडद्याच्या पाऊणपट. आम्ही निवडलेले तिघे मिळून फोर-केच्या सव्वापटीहून वर जातात. दुकानदार म्हणाला, "मग तीन फोर-केच घ्या ना सर." मी कागदावर गुणाकार करून त्याच्यापुढे सरकवला: २,४८,८३,२००. तो हसला. त्या कार्डाच्या किमतीत जुना ट्रक नसता आला, पण टायर बरेच आले असते.

पूर्वी तीन पडद्यांचा थाट मोठा खटाटोपाचा होता. मॅट्रॉक्सने २००२ मध्ये तो आणला, एएमडीने २००९ मध्ये तो एका कार्डावर सोपा केला. एनव्हिडियाला आरंभी त्यासाठी दोन कार्डे लागत, २०१२ पासून एक पुरू लागले. आम्ही घेतले ते एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तुमच्या घरचा कॉलेजकुमार आज ना उद्या हा विषय काढणारच. हे नाव एकच असले तरी वस्तू दोन आहेत. एकीत स्मृती ८ जीबी, दुसरीत १६. खोके तेवढेच, नाव तेच, किंमत वेगळी. तीन पडद्यांचा पसारा मांडायला अंगण मोठे लागते. ८वाल्याची स्वस्ताई इथे कामाची नाही. आणि पाठीमागची भोके मोजून घ्या. आमच्या कार्डाला डिस्प्लेपोर्टची तीन आणि एचडीएमआयचे एक आहे, त्यामुळे तिन्ही पडद्यांना एकाच जातीची तार जाते. काही कार्डांना एकंदर तीनच भोके असतात, तीही मिश्र.

हे कार्ड भर कामात १८० वॉटपर्यंत वीज खाते. वर तीन पडदे. नागपूरच्या मे महिन्यात घरात आणखी एक शेगडी पेटवल्यासारखेच ते. वहिनींनी कूलर त्या खोलीकडे वळवला, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. मिरचीच्या धुळीसाठी पुतण्या दर महिन्याला डबा उघडून पंखे झटकतो आणि त्यानंतर पंधरा मिनिटे शिंकतो.

आता त्रिकोणमिती. बाजूचे पडदे किती वळवायचे? संत्र्याच्या पेट्या बांधायच्या सुतळीचा तुकडा घेऊन पुतण्याने दादाच्या डोळ्यापासून मधल्या पडद्यापर्यंत अंतर मोजले: ६६ सेंटिमीटर. पडद्याची अर्धी रुंदी ३० ला थोडी कमी. कोन निघतो सव्वाचोवीस अंशांच्या आसपास. दुप्पट केली की एका पडद्याचे सुमारे ४९. तेवढेच बाजूचे पडदे आत वळवायचे. तिन्ही मिळून भरले १४६. सिनेरामाचाच आकडा! मी आनंदाने ओरडलो. बापलेकांपैकी कोणालाही त्याचे काही वाटले नाही. हे कोन खेळाच्या एका फाइलमध्ये अंशांत लिहून द्यावे लागतात, म्हणजे तीन पडद्यांसाठी तीन वेगळी दृश्ये काढली जातात. तसे न करता एकच दृश्य ताणले, तर बाजूची झाडे आणि मोटारी रबरासारख्या लांबतात.

पडद्यांच्या मधल्या काळ्या पट्ट्यांची मला फार चिंता होती. सिनेरामावाल्यांनाही होती; सांधा पुसट व्हावा म्हणून ते प्रोजेक्टरात दातेरी पट्ट्या थरथरवत. मी ती चिंता बोलून दाखवली तेव्हा दादाने माझ्याकडे दयेने पाहिले. "लहान्या, ट्रकले इथं खांब असते."

पहिल्या दिवशी त्याने स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, खुर्ची दोन बोटे मागे घेतली. आता सुतळी पुन्हा मोजावी लागणार म्हणून पुतण्याने कपाळाला हात लावला. क्लचची गरज नाही, तो खेळातून काढून टाकता येतो, असे सांगितले तर दादाने ऐकले नाही. डावा पाय त्याने हाताने उचलून पेडलवर ठेवला. पहिल्या आठवड्यात ट्रक कितीदा तरी बंद पडला. डोव्हर बंदराबाहेर मागे अडलेल्या मोटारी हॉर्न देत. दादा त्यांना वऱ्हाडीत समजावी.

या खेळात फार वेळ गाडी हाकली की ड्रायव्हर जांभया देऊ लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि थांबून झोप घ्यावीच लागते. ते प्रथम झाले तेव्हा दादाने गाडी कडेला घेतली आणि पोराला विचारले, "हे काय?" पोराने सांगितले. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे इथं झोपायचा कायदा आहे." आणि त्यानंतर त्याने, कोणी न विचारता, आम्हांला दिल्लीच्या रस्त्यावरची एक रात्र सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनीही ती प्रथमच ऐकली.

गेले काही दिवस संध्याकाळी अर्धा तास ठरलेला आहे. वहिनी मेथीची जुडी घेऊन येतात आणि डाव्या पडद्याशी, म्हणजे क्लीनरच्या जागी, स्टूल टाकून बसतात. पस्तीस वर्षांत त्या दादाच्या ट्रकमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. कोणते गाव आले, किती राहिले, असे विचारतात; दादा पाटी वाचून कार्लाइल म्हणतो, ग्लासगो म्हणतो. काल पाऊस होता, म्हणजे तिकडे. दादाचे लक्ष उजव्या आरशात होते.

"अहो, डावीकडून येऊन राहिला!" वहिनी ओरडल्या, आणि मेथी खाली सांडली.

दादाचा डावा पाय क्लचवर गेला होता. हाताने न उचलता.

"पाहिला मी," तो म्हणाला.